पितळी फिल्टर, एस्प्रेसो मशीन, मोका पॉट : तिन्ही एकदम बिघडलेत, कशावर खर्च करू?

जॉबर_पूर्वभाग :

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागात राहतो. बत्तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, चादरीच्या मागांवर. आता घरीच असतो. आमच्या घरात तेलुगू, घराबाहेर मराठी, आणि पहाटे पाचला कॉफी. ही कॉफी आजोबांपासून चालत आलेली आहे. चहा आमच्याकडं पाहुण्यांसाठीच होतो.

कॉफीची तीन साधनं घरात आहेत आणि महिन्याभरात तिन्ही बसली.

पहिला पितळी फिल्टर. सौ.च्या आईचा. बुडाला टोचून नाव घातलंय आणि 1974 साल. आतून कल्हई आहे. रात्री पूड भरून उकळतं पाणी ओतलं की अर्ध्या तासात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खालच्या भांड्यात उतरलेलं असायचं. आता पहाटे झाकण काढावं तर वरच्या भांड्यात पाणी जसंच्या तसं आणि खाली जेमतेम दोन चमचे. सौ. फिल्टर हातात धरून ओट्यावर आपटते, तेव्हा कुठं थोडं उतरतं. जुनं भांडं असं आपटलेलं मला बघवत नाही.

दुसरं एस्प्रेसोचं मशीन. मुलगी बेंगळुरूला असते, उद्यान एक्सप्रेसनं येताना तिनं मांडीवर घेऊन आणलं. 15 बारचा पंप, दूध फेसाळायला वाफेची नळी, साधं घरगुती आहे. चौदा महिने झाले. आधी पंपाचा आवाज एकसारखा होता, आता कोंडल्यासारखा येतो. कॉफी थेंब थेंब पडते, तीही कोमट. माग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, धोटा अडकायच्या आधीच कानाला कळतं. तसंच हे वाटतंय. एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं न उघडताच हीटर गेला म्हणून सांगितलं. 4,200 रुपये, वर गॅरंटी नाही. उघडून न बघता निदान करणं मला पटलं नाही, म्हणून परत आणलं.

तिसरा मोका पॉट, खालचं पाणी वाफेच्या दाबानं पुडीतून वर चढवणारा, अॅल्युमिनियमचा, तीन कपांचा. मुलीच्या कॉलेजच्या दिवसातला. गॅसवर ठेवला की मधल्या जोडातून वाफ फुसफुसते आणि वर कॉफी अर्धीच चढते.

पाण्याचंही सांगतो, कारण मला संशय त्याचाच आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते पिण्यासाठी पिंपात भरतो. बाकी सगळं बोअरवर. मशीन ज्या ओट्यावर आहे तिथला नळ बोअरचा, त्यामुळं वर्षभर तेच पाणी त्यात गेलं. याच पाण्यानं गिझरचा कॉईल दोनदा खाल्लाय. साबण लावला तर फेस येत नाही.

मशीनवर पैसे घालू का? की ते सोडून मोका दुरुस्त करू? आणि पितळी फिल्टर पहिल्यासारखा कसा होईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय.

---

वाफनळी :

मामा, मी विजापूर रोडला असतो, हॉटेलांची मशीनं दुरुस्त करतो. हीटर गेला असता तर पाणी थंडगार आलं असतं. कोमट येतंय म्हणजे हीटर चालू आहे, त्याची ऊब पाण्याला पुरती लागत नाही. अशा छोट्या मशीनमध्ये बॉयलर नसतो, थर्मोब्लॉक असतो. धातूचा एक ठोकळा, त्यातून बारीक वाट, पाणी त्या वाटेनं जाता जाता तापतं. आपलं बोअरचं पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेटचा थर धरतो. तो थर ऊब अडवतो आणि वाटही अरुंद करतो. तुमची दोन्ही लक्षणं एकाच कारणाची आहेत.

आधी एवढंच करा. पूड भरायची दांड्याची वाटी काढून ठेवा आणि नुसतं पाणी सोडून 100 मिली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. वाटी नसताना धार मोकळी आली तर दोष वाटीत आहे. तशीही बारीकच आली तर आत क्षार आहेत.

वाटीतली जाळीही बघा. घरगुती मशीनला बहुतेक वेळा दोन बुडांची जाळी येते. आतल्या बुडाला खूप भोकं आणि बाहेरच्या बुडाला एकच, सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं तरी थेंब थेंबच पडतं.

आणि एक सांगा, मशीनमध्ये पूड कोणती घालता? फिल्टरचीच का?

---

जॉबर_पूर्वभाग :

हो, तीच. दुकानातून पाव किलो दळून आणतो, वीस टक्के चिकोरीची, म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली. दोन वेगळ्या पुड्या कशाला, असं वाटलं.

---

वाफनळी :

मग ती आजपासून बंद करा. चिकोरी पाणी धरून फुगते. फिल्टरमध्ये तेच हवं असतं, पाणी सावकाश उतरतं आणि डिकॉक्शन दाट होतं. मशीनच्या जाळीत मात्र ती चिखलासारखी बसते. मशीनला नुसत्या कॉफीची पूड वापरा, फिल्टरच्या पुडीपेक्षा थोडी बारीक, मैद्यासारखी मात्र नको.

क्षार काढायला सायट्रिक अॅसिड आणा, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. 1 लिटर पाण्याला 20 ग्रॅम. पाणी पिंपातलं घ्या, बोअरचं नको. टाकीत भरा, एक कपभर पाणी वाटीच्या जागेतून सोडा, थोडं वाफेच्या नळीतून सोडा, मशीन बंद करून पंधरा मिनिटं थांबा. असं टाकी संपेपर्यंत. नंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या जाऊ द्या. रात्रभर भिजत ठेवू नका, आतला ठोकळा अॅल्युमिनियमचा असला तर आम्ल त्यालाही खाईल. व्हिनेगरही चालतं, पण त्याचा वास आठ-आठ दिवस जात नाही. आणि आधी मशीनबरोबरचं पुस्तक वाचा, कंपनीनं काही वेगळं सांगितलं असेल तर तेच करा.

---

अक्का_होटगीरोड :

अण्णा, तुमच्या फिल्टरबद्दल लिहिते. आमचं कन्नड घर, माझ्याकडं आईचा पितळी आणि रोजचा स्टीलचा असे दोन आहेत.

स्टीलचा फिल्टर तुंबला की वरचं भांडं गॅसच्या मंद आचेवर उपडं धरायचं, भोकांत बसलेलं कॉफीचं तेल जळून जातं. पुष्कळ घरांत करतात, मीही महिन्यातून एकदा करते. तुमच्या पितळीला हे चुकूनही करू नका. आतली कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांना वितळतं. गॅसची आच त्याच्या कितीतरी पुढं जाते. कल्हई ओघळून खाली येईल आणि भोकंच बुजतील. माझ्या जावेनं असं केलं होतं, भांडं पुन्हा कल्हईवाल्याकडं न्यावं लागलं.

आपटणंही थांबवा, कडा वाकली की वरचं भांडं खालच्यात नीट बसत नाही. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला, तासभर भिजवा, मऊ ब्रशनं बाहेरून आत असं घासा. चिंच लावायची ती फक्त बाहेरच्या पितळेला, आतून नाही.

पण मला एक विचारायचंय. कल्हई शेवटची कधी केली?

---

जॉबर_पूर्वभाग :

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत. अक्का, तुम्ही विचारलं आणि मी इथं बसल्या बसल्या सौ.ला विचारलं. ती म्हणते, फिल्टर हळू झाला तो तेव्हापासूनच. उद्या उजेडात धरून बघतो.

---

सातरस्ता_मोका :

काका, मोकाचं मी सांगतो. सहा वर्षं रोज तोच वापरतोय, रूमवर गॅस आणि मोका एवढंच होतं.

जोडातून वाफ येते म्हणजे रबरी रिंग कडक झाली. वरच्या भागाच्या खाली एक पांढरी रिंग असते, तिनं गोल जाळी धरून ठेवलेली असते. नखानं दाबून बघा. दबली नाही तर बदला, मापाप्रमाणं ऑनलाइन मिळते. जाळी काढली की तिच्या मागं काळा चिकट थर असेल, तोही पुसून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. खालच्या भांड्याच्या बाजूला पितळेचा छोटा वॉल्व्ह असतो. पाणी त्याच्या खालीच ठेवायचं, तो कधीच बुडवायचा नाही. वर भोकं बुजली किंवा पूड फार दाबून भरली तर दाब बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. बोअरच्या पाण्यानं तो आतून चिकटतो. काही वॉल्व्हना मधोमध हलणारी पिन असते, ती आतबाहेर झाली पाहिजे. हलत नसेल तर पॉट गॅसवर चढवू नका, कृपा करून.

बाकी, पूड दाबायची नाही, आच मंद ठेवायची, भुरभुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवायचा. धुताना तारेची घासणी नको. धुऊन झाल्यावर उघडाच वाळवा, पिळून बंद करून ठेवला की आत पांढरे डाग पडतात. इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा चालत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

---

कोथरूडहून_सोलापूरकर :

पाण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आता सगळे म्हणतील आरओ वापरा. नुसतं आरओ वापरू नका. त्यातून जवळपास सगळेच क्षार निघून जातात आणि कॉफी सपक लागते, कारण पुडीतली चव उतरायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या शिफारशीत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपास सांगितलाय. काही मशीनच्या टाकीतला सेन्सर तर अगदी शुद्ध पाणी ओळखतच नाही, टाकी रिकामी आहे असंच दाखवतो.

आपल्याकडं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक टीडीएस 500 पर्यंत ठीक धरतं, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत. म्हणजे पाणी पिण्यालायक असलं तरी मशीनला मारक असू शकतं. टीडीएसचं छोटं मीटर घ्या, मोजा आणि आरओत नळाचं पाणी मिसळा.

---

वाफनळी :

बरोबर आहे, फक्त एक लक्षात असू द्या. टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे. मीठ विरघळलं तरी मीटरचा आकडा वाढतो, पण मिठाचा थर धरत नाही. थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. म्हणून मीटरबरोबर पातेल्याच्या बुडाकडंही बघायचं. रोज पाणी उकळता त्या पातेल्याला पांढरं किती धरतं, ते खरं.

---

जॉबर_पूर्वभाग :

मंडळी, आठ दिवस झाले. सगळं करून मगच लिहायला बसलोय.

फिल्टर आधी. सकाळी गच्चीवर जाऊन वरचं भांडं सूर्याकडं धरलं. मी समजत होतो भोकं काळी, तेलकट दिसतील. ती चकचकीत होती. मधली भोकं उघडी, त्यातून उजेड येत होता, पण कडेच्या दोन रांगा पार बुजलेल्या. भोकाच्या जागी चांदीच्या टिकल्या बसवल्यासारख्या. कल्हईवाल्यानं नवसागर टाकून कापसाचा बोळा फिरवला आणि जादाचं कथील कडेला जमलं, ते झटकायचं राहून गेलं. चूक माझीही आहे. भांडं हातात घेतलं तेव्हा उजेडात धरून बघायचं मला सुचलं नाही. मागावर फणी बसवताना एकेक घर उजेडात बघणारा माणूस मी.

शिवणाची सगळ्यात बारीक सुई घेतली. कथील मऊ असतं, जोर लागत नाही. आतून बाहेर, सुई सरळ धरून, एकेक भोक. तिरकी गेली की भोक मोठं होतं आणि मग पूड खाली उतरते, म्हणून घाई केली नाही. पाऊण तास लागला. सौ. शेजारी बसून मोजत होती, एक्केचाळीस भोकं उघडली. मग सोड्याचं पाणी, मग नुसतं उकळतं पाणी, दोनदा.

त्या रात्री नेहमीएवढीच पूड भरली, पुडीवरची चकती हलकी ठेवली, दाबली नाही. पाणी ओतलं आणि दोघं खालच्या भांड्याला कान लावून बसलो. टप टप आवाज सुरू झाला आणि पंचवीस मिनिटांत थांबला. झाकण काढलं तर वरची पूड सपाट, कोरडी, मधे जराशी खोलगट, सासूबाई असताना दिसायची तशी. सौ.नं पहाटेपर्यंत थांबायचं सोडलं, रात्री साडेदहाला दूध तापवलं. आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा पेला प्यायलो. अक्का, तुम्ही कल्हईचं विचारलं नसतं तर मी तो फिल्टर गॅसवर धरणारच होतो, माझ्या मनात तेच होतं.

आता मशीन. वाटी काढून 100 मिली भरायला 1 मिनिट 50 सेकंद लागले, म्हणजे दोष आतच होता. जाळीचं भोकही अर्धं बुजलेलं होतं, ते सुईनं मोकळं केलं. पुस्तकात क्षार काढायची रीत दिलेली होती, लिंबूसत्व चालतं असं लिहिलंय. पहिला कप सोडला तर पाणी गढूळ पिवळट. दुसऱ्या कपाच्या तळाला पांढरी रेती. बोटानं चोळली तर विटकरीच्या चुऱ्यासारखी खरखरीत. तिच्यावर उरलेलं लिंबूसत्वाचं पाणी टाकलं, लगेच बुडबुडे आले. वाफेच्या नळीतून तर आधी काहीच येईना, तिसऱ्यांदा फुर्रर करून एक खडा बाहेर पडला. डाळीएवढा. तो मी डबीत ठेवलाय, मुलीला दाखवायला.

एकदा करून 50 सेकंद. दोन दिवसांनी पुन्हा केलं, 24 सेकंद. पंपाचा आवाज परत पहिल्यासारखा एकसुरी झाला. खर्च लिंबूसत्वाच्या पाकिटाचा. त्या दुरुस्तीवाल्याबद्दल इथं काही म्हणायचं नाही, पण हीटरचे पैसे भरणारे माझ्यासारखे अजून किती असतील हे मनात येतं. यंत्र उघडून बघायला वेळ लागतो, तेवढा वेळ गिऱ्हाईकासाठी काढायला हवा.

पाणी मोजलं. शेजारच्या पोराकडं मीटर होतं. बोअर 1,120, नळाचं 380, त्यांच्या आरओचं 45. एक भांडं नळाचं आणि दोन भांडी आरओचं मिसळलं की 157 दाखवतं. आता मशीनला हेच. दोन बाटल्या भरून ठेवतो, चार दिवस जातात. फिल्टरला मात्र नुसतं नळाचं पाणी लागतं, तिथं 157 चं करून बघितलं, सौ.ला पचलं नाही. तिचं म्हणणं, डिकॉक्शनला अंग येत नाही. कदाचित सवयीचं असेल, पण जिभेचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दोन्हींतलं चांगलं कोणतं असं विचाराल तर मी तुलना अशी केली. एकाच दिवशी, तेच दूध, तीच साखर. मशीनची कॉफी वास आधी देते, तोंडात कडक, पण दूध घातलं की पटकन हरवते. फिल्टरची डिकॉक्शन दुधात टिकते, शेवटच्या घोटापर्यंत. आम्ही पेलाभर दूध घालून पिणारी माणसं, आम्हाला फिल्टरच. मुलगी काळी पिते, तिच्यासाठी मशीन. वापरून झालं की वाफेची नळी ओल्या फडक्यानं लगेच पुसायची आणि एकदा वाफ सोडायची, हे मी पाळतोय. एकदा विसरलो तर दूध नळीवर असं वाळलं की सुरीनं खरवडावं लागलं असतं. गरम फडकं गुंडाळून ठेवलं, तेव्हा सुटलं.

मोकाची रिंग खरंच दगड झाली होती, नवी मागवली, बसवली. पण वॉल्व्हची पिन हलत नाही. लिंबूसत्वात अर्धा तास बुडवली, दाबून बघितली, नाही. मिलच्या बॉयलरचा सेफ्टी वॉल्व्ह अडकला म्हणजे काय होतं ते मी जुन्या लोकांकडून ऐकलंय. जाळी उघडी असेल तर काही होणार नाही असं मुलगी फोनवर म्हणाली, मी ऐकलं नाही. पॉट कपाटात ठेवलाय. नुसता खालचा भाग सोलापुरात कुठं मिळत असेल तर कळवा.

---

सातरस्ता_मोका :

काका, माझ्या जुन्या पॉटचा वरचा भाग पडून तडकलाय, खालचा चांगला आहे. तीन कपांचाच. वॉल्व्हची पिन हलते, आत्ताच बघितली. पण आटे जुळायला हवेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे जुळत नाहीत. तुमचा वरचा भाग समोर असेल तर एका मिनिटात कळेल. रविवारी अशोक चौकाकडं येणार आहे.

---

जॉबर_पूर्वभाग :

ये बाळा. कितीही लवकर आलास तरी चालेल. शनिवारी रात्री फिल्टर भरताना दोन चमचे पूड जास्त घालतो.